लेहऱ्याला बसलेले बाबा

"उतरलाय," म्हणत सर हातोडी उचलतात.

श्रावणातला रविवार आहे आणि डोंबिवलीच्या फडके रोडमागच्या गल्लीतल्या, पहिल्या मजल्यावरच्या या खोलीत एकही तबला सुरात नाही. आठवडाभर पाऊस लागलाय. हवेत ओल भरली की पुडीचं कातडं सैल पडतं आणि सूर खाली येतो. सर गजऱ्यावर हातोडी मारतात, तर्जनीनं 'ना' वाजवून बघतात, तबला किंचित फिरवतात, पुन्हा मारतात. वरून ठोकलं की सूर चढतो, खालून ठोकलं की उतरतो. अशी सोळाही घरं काळी एकला आणायची. पेटीवर काळी एक दाबून बसलेत ते चष्मेवाल्या मुलाचे बाबा. रविवार असूनही त्यांच्या शर्टाच्या खिशाला पेन आहे.

मी माझ्या भाच्याला घेऊन आलेय. सहा वर्षांचा आहे, त्याच्या आईची आज ड्यूटी आहे. इतर बहुतेक क्लासांत पालकांनी खाली थांबायचं असतं, इथे उलटं. पहिलं वर्षभर घरातलं एक मोठं माणूस वर्गात बसलंच पाहिजे. बसायचं, पण मुलाला काही सांगायचं नाही. सगळ्यांबरोबर हातावर टाळी द्यायची. त्यामुळे भिंतीलगतच्या सतरंजीवर आम्ही सातआठ जण ओळीनं बसलोय आणि आमच्या छत्र्या दाराबाहेर एका बादलीत ठिबकताहेत.

भाच्याचा हात तबल्यावर पोचत नाही, निदान जसा पोचायला हवा तसा नाही. पोचवायला तो खांदा उचलतो. सर त्याच्या बुडाखाली घडी केलेली गोधडी सरकवतात आणि खांदा आपोआप खाली येतो. "नखं?" सर विचारतात. भाचा बोटं पुढे करतो आणि माझ्याकडे बघतो, कारण काल रात्री नेलकटर सापडलं नव्हतं. सरांच्या ड्रॉवरमध्ये नेलकटर आहे, पावडरचा डबाही आहे. घामट तळव्यांनी तबल्याच्या मधल्या काळ्या शाईला हात लावायचा नाही, हा इथला पहिला धडा. दुसरा 'ना'चा: अनामिका शाईच्या कडेला नुसती टेकलेली, तर्जनी कडेच्या चाटेवर पडून लगेच उठायची. भाच्याची अनामिका टेकत नाही, करंगळीसकट हवेत उभी राहते. सर ती खाली दाबत नाहीत. स्वतःचा हात त्याच्या शेजारच्या तबल्यावर ठेवून वाजवत राहतात. तो बघतो, वाजवतो, पुन्हा बघतो. मला मधे बोलायचा फार मोह होतोय. माझ्या शेजारची बाई ओठ मिटून बसलीय, म्हणजे तिलाही होत असणार.

मग पढंत. तबल्याला कुणीच हात लावायचा नाही, बोल तोंडानं म्हणायचे आणि ताल हातावर दाखवायचा. "धा धीं धीं धा, धा धीं धीं धा, धा तीं तीं ता, ता धीं धीं धा." पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला हात बाजूला, ती खाली. मुलांना हे जमतं. घोळ भिंतीलगत होतो. नवव्या मात्रेला आमच्यातल्या तिघांची सणसणीत टाळी पडते आणि पोरं खिदळतात. सर हसत नाहीत. "घरी हा एकटा वाजवतो तेव्हा आवर्तन कुठे आहे ते त्याला कुणाच्या तरी हातावर दिसायला हवं," ते आम्हाला सांगतात, "स्वयंपाक करता करता दिलीत तरी चालेल, पण खाली खालीच्या जागी दाखवा." कणकेच्या हातानं खाली कशी दाखवायची यावर पालकांत थोडी चर्चा होते.

वह्या तपासताना दोन वेण्यांच्या मुलीशी सर थबकतात. नऊ वर्षांची असेल. आजीबरोबर येते. तीनतालाची मांडणी तिनं सुबक केलीय, पण नवव्या मात्रेखाली फुली आहे आणि समेखाली, म्हणजे पहिल्या मात्रेखाली, एक.

"हे कुणी करून दिलं?"

"आजीनं दुरुस्त केलं. मी आधी समेला फुली लिहिली होती."

आजी पदर सावरतात. "समेला फुली कशी असेल? आम्ही खालीलाच काढायचो."

बरोबरच म्हणताहेत. आजी लहानपणी गाणं शिकल्या ते पलुसकर पद्धतीनं. तिच्यात समेला एकचा आकडा आणि खालीला अधिकचं चिन्ह. नात लिहितेय ती भातखंडे पद्धत: समेला फुली, खालीला शून्य. दोन्ही आजही चालतात, पण आजीची फुली आणि नातीचा ताल एका वहीत नांदत नाहीत. सर सगळं समजावून सांगतात. आजी ऐकून घेतात, मात्र समाधान झाल्याचं चेहऱ्यावर दिसत नाही.

वह्यांवरून विषय परीक्षेकडे जाणारच. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, यातल्या तिघांना येत्या सत्रात 'प्रारंभिक'ला बसायचंय. एक आई मोबाइलवर मुलाचं शूटिंग करता करता विचारते, "सर, दहावीपर्यंत किती परीक्षा होतील? शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात ना?" मिळतात, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. गुणांसाठी सुरू झालेलं शिकणं पुढे गुणांपलीकडे गेल्याची उदाहरणं घरोघरी असतील. मला खटकतं ते शूटिंग. मोबाइल वर आला की मुलगा वाजवायचा थांबतो आणि वाजवल्यासारखं करायला लागतो.

त्या आईची नजर भिंतीवरच्या फोटोकडे जाते. झाकिर हुसेन. 15 डिसेंबर 2024 ला ते गेले, तेव्हापासून फोटोला हार आहे. "यांचं म्हणे जन्मापासूनच," ती म्हणते. "बाळाला हातात घेतल्यावर वडिलांनी कानात बोल म्हटले होते ना?"

"पुढचं सांगतो," सर म्हणतात. "हे सात वर्षांचे झाल्यावर अल्लारखाँसाहेब त्यांना पहाटे तीनला उठवायचे. समोर बसवून बोल म्हणायचे, म्हणून घ्यायचे. झाकिरभाईंनी स्वतः मुलाखतींत सांगितलंय."

"तीनला?" मोबाइल खाली येतो.

"तीनला नको. संध्याकाळी वीस मिनिटं टीव्ही बंद करा आणि त्याच्यासमोर बसा. रोज."

माझ्या मते या गोष्टीत लोक पहाट लक्षात ठेवतात आणि समोर बसलेला बाप विसरतात. प्रत्येक घरी अल्लारखाँ कुठून आणायचे? पण समोर बसायला तबला यावा लागत नाही.

निदान असं मला आत्तापर्यंत वाटत होतं.

चष्मेवाला मुलगा पुढे येऊन बसतो. अकरा वर्षांचा आहे, तीन वर्षं शिकतोय. दिल्ली घराण्याचा एक कायदा, म्हणजे बोलांची एक ठरलेली रचना, त्याचा चाललाय. आता लेहरा लागणार. तबला एकटा वाजायचा तर आवर्तन धरायला कुणीतरी लागतं. पेटीवर किंवा सारंगीवर सोळा मात्रांची एक छोटी चाल पुन्हा पुन्हा वाजवत राहायची, तबलजी बाहेर भटकून समेला परत येतो ते त्या चालीच्या खुणेवर. वाजवणाऱ्याला तिच्यात काही करून दाखवायचं नसतं. मैफिलीत लोक त्याच्याकडे बघतही नाहीत. लेहऱ्याची मोबाइल ॲपही आहेत आणि घरी ती वापरायला सरांची ना नाही. वर्गात मात्र माणूस. "मोबाइल कधी दमत नाही, कधी श्वास घेत नाही," ते म्हणतात. "पुढे गायकाबरोबर बसायचंय ना याला? तिथे माणूसच भेटणार."

बाबा पेटीवर आधीपासूनच आहेत. सोसायटीच्या भजनात ते पेटी वाजवतात. सरांनी त्यांना चंद्रकंसातला एक लेहरा शिकवलाय. पहिली दोन आवर्तनं छान जातात. मुलगा कायद्याचं तोंड बरोबरीच्या लयीत वाजवतो, समेवर येतो. बाबांच्या चेहऱ्यावर हसू येतं. मग दुगुन, म्हणजे एका मात्रेत दुप्पट बोल. सोप्या बोलांवर मुलगा धावतो. अवघड जागा आली, 'तिरकिट' आलं, की बोटं अडकतात आणि तो मागे पडतो. शिकणाऱ्या बहुतेक मुलांचं हेच होतं.

आणि आता मला पेटी ऐकू येते. मुलगा धावला की बाबांची बोटंही धावतात. तो 'तिरकिट'मध्ये अडकला की बाबा सूर लांबवतात, जरा थांबतात, तो सुटला की पुढे जातात. सम दरवेळी जमते! भिंतीलगत कुणीतरी "वा" म्हणतं.

सर हात वर करतात. पेटी थांबते.

"बाबा, लेहरा कोण वाजवतंय?"

"मीच."

"नाही. हा वाजवतोय, तुमच्या बोटांनी. तो चुकला की तुम्ही सम उचलून त्याच्या पुढ्यात ठेवता. चुकलाय हे त्याला कळणार कसं?"

बाबा चष्मा काढून पुसतात. बापलेकांच्या चष्म्यांच्या काड्या एकसारख्या आहेत. "समजतंय हो सर, पण हात जातोच."

"जाणारच. पुन्हा धरा. त्याच्याकडे बघू नका, खिडकीकडे बघा."

बाबा खिडकीकडे बघतात. बाहेर समोरच्या इमारतीच्या गॅलरीत कुणीतरी कपडे आत घेतंय. लेहरा सुरू होतो, दुगुन सुरू होते, मुलगा 'तिरकिट'ला अडकतो आणि खिडकीकडे बघणाऱ्या बाबांचा डावा हात भात्यावर हलकेच रेंगाळतो. या वेळी अर्धी मात्रा. आम्हा सगळ्यांना कळतं. बाबांनाही कळतं, कारण ते स्वतःहून थांबतात.

मला वाटत होतं ते सोपं काम हे. स्टेशनच्या बाजूनं लोकलचा भोंगा येतो, तेवढाच काय तो आवाज. मुलगा मान खाली घालून पुडीवरची पावडर पुसतोय.

"मी धरू का?" आजी विचारतात.

त्यांना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. पेटी स्टुलावर ठेवली जाते, आजी खुर्चीवर. लेहरा दोनदा ऐकून घेतात, पट्ट्या चाचपतात, एकदा चुकतात, मग त्यांचं लागतं. बाबांइतका सफाईदार नाही. एका सुरावर बोट दर वेळी उशिरा पडतं. पण लय हलत नाही. मुलगा धावतो आणि लेहऱ्याच्या पंधराव्या मात्रेलाच समेवर येऊन उभा राहतो. आजी आपल्या सोळाव्या मात्रेवरून निवांत पुढे जातात. मुलगा गोंधळून त्यांच्याकडे बघतो. त्यांचं लक्ष पट्ट्यांवर आहे. पुन्हा सुरू करतो, पुन्हा चुकतो, या वेळी उशीर. मग तो हात मांडीवर घेतो, एक आख्खं आवर्तन नुसतं ओठांत म्हणतो, बोटांवर मोजतो आणि समेला तबल्यावर पडतो. 'तिरकिट' आता जरा पुसट वाजतंय, पण जागेवर आहे. चारपाच आवर्तनं तशीच जातात.

"आजी, कसं काय जमलं?" बाबा विचारतात.

"त्यात काय? मी माझं वाजवत होते."

"आता नातीला धरा," सर म्हणतात. त्यांच्या मिश्या हलल्याचा मला भास होतो.

दोन वेण्या पुढे येतात. साधा तीनतालाचा ठेका, आधी ठाय, म्हणजे बरोबरीच्या लयीत, मग दुगुन. ठायीत सगळं नीट. दुगुनीत जाताना तिचा डग्गा मागे राहतो, 'धीं'चा 'तीं' होतो, ती घाबरून आजीकडे बघते. आणि आजींचा भाता थांबतो. पुरती एक मात्रा.

खोलीत हशा पिकतो. सर्वांत मोठ्यानं बाबा हसतात. आजी आधी रागावतात, मग तोंडाला पदर लावतात. "अहो, तिचं तोंड बघितलंत का?"

"म्हणून सांगत होतो, खिडकीकडे बघा," सर म्हणतात आणि पुढचा तबला मांडीजवळ ओढतात. तोही उतरलाय. भाच्याला त्यांनी हातोडीचं दुसरं टोक धरायला दिलंय. तो श्वास रोखून धरून बसलाय, जणू तबला त्यालाच लावायचाय.

सुटायच्या वेळी छत्र्यांच्या बादलीपाशी गर्दी होते. बाबा आजींना गाठतात. दोघं एकाच रस्त्यावर राहतात, हे आत्ता निघालंय.

"तुम्ही संध्याकाळी घरी असता का हो? म्हणजे, याला तुम्ही धराल, तुमच्या नातीला मी धरीन."

"सेकंड शिफ्टच्या आठवड्यात बाबा नसतात," मुलगा बुटाची लेस बांधता बांधता कळवतो.

"त्या आठवड्यात मोबाइल," बाबा म्हणतात.

"सात ते साडेसात," आजी छत्री झटकतात. "आठला माझी मालिका असते. आणि पेटी तुमची आणा, माझ्या पेटीचा एक सूर बसलाय."