गोवर एकदाच का येतो?

गोवर एकदा येऊन गेला की पुन्हा येत नाही, हे घरातल्या आजीलाही ठाऊक असते. पण का येत नाही? ‘शरीरात प्रतिकारशक्ती निर्माण होते’ हे उत्तर परीक्षेपुरते ठीक आहे. त्यातून कळत काहीच नाही.

१८४६ साली उत्तर अटलांटिकमधील फॅरो बेटांवर गोवराची साथ आली. पीटर पानुम हा तरुण डॅनिश डॉक्टर तपासणीसाठी तेथे गेला. सुमारे ७,८०० रहिवाशांपैकी ६,००० हून अधिक लोक आजारी पडले होते. आधीची साथ होती १७८१ची. त्या साथीत गोवर झालेले बरेच वृद्ध अजून हयात होते. पानुमला त्यांच्यापैकी एकालाही पुन्हा गोवर झालेला आढळला नाही. मधली ६५ वर्षे बेटांवर गोवर नव्हताच. म्हणजे उजळणी न करताही शरीराने धडा लक्षात ठेवला होता!

ठेवला कोणी? रक्ततपासणीचा एखादा अहवाल घेऊन पाहा. एक घन मिलिमीटर रक्तात तांबड्या पेशी ५० लाखांच्या आसपास, तर पांढऱ्या अवघ्या ४ ते ११ हजार. प्रौढांत यांपैकी निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल असतात. पायात काटा मोडला की आधी त्या धावतात, जंतूंना गिळतात आणि मरतात. पू म्हणजे बराचसा त्यांचाच खच. काही तासांचे, फार तर काही दिवसांचे आयुष्य. त्या काय लक्षात ठेवणार?

आठवण असते ती लिम्फोसाइटांपाशी. यांतल्या प्रत्येक बी-पेशीवर एकाच आकाराचे ग्राहक रेणू असतात आणि असे कोट्यवधी निरनिराळे आकार जंतू येण्याआधीच तयार असतात. (विषाणू पाहून पेशी त्याच्या मापाचा आकार घडवते, असे विद्यार्थ्यांना हमखास वाटते. आम्हालाही त्या वयात तसेच वाटे.) गोवराच्या विषाणूशी ज्यांचा आकार जुळतो, त्या मूठभर बी-पेशी टी-पेशींच्या मदतीने भराभर विभागतात आणि प्रतिपिंडे बनवू लागतात. यात इतके दिवस जातात, की तोवर अंगावर पुरळ उठते. मागाहून बहुतेक पेशी मरतात. काही स्मृतिपेशी म्हणून उरतात, तर काही अस्थिमज्जेत बसून वर्षानुवर्षे प्रतिपिंडे सोडत राहतात.

‘होऊन जाऊ दे एकदाचा’ असे म्हणणाऱ्या पालकांना मात्र पुढची गोष्ट जरूर सांगावी. गोवराचा विषाणू नेमका या स्मृतिपेशींमध्येच शिरतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांचे रक्त गोवराआधी व नंतर तपासले होते. इतर जंतूंविरुद्धची त्यांची प्रतिपिंडे कोणात ११ टक्के, तर कोणात थेट ७३ टक्क्यांपर्यंत नाहीशी झाली होती. मूल गोवर लक्षात ठेवते आणि आधी शिकलेले विसरते! गोवर बरा झाल्यावरही मुले न्यूमोनियाने किंवा जुलाबाने दगावतात, त्याचे एक कारण हे आहे. लसीतल्या दुबळ्या विषाणूमुळे असे विस्मरण झालेले दिसले नाही. २०२२च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ पसरली, बालके दगावली. ती लस आपल्याकडे तेव्हा कित्येक वर्षे मोफत मिळत होती.

मग ती जन्मताच का देत नाहीत? आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाच्या रक्तात आलेली असतात. ती लसीतल्या विषाणूलाही नामोहरम करतात, आणि बाळाच्या स्वतःच्या पेशींना शिकायला काही उरत नाही. नऊ महिन्यांपर्यंत ती बरीच ओसरतात. म्हणून पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान.