फुलदाणीतील फुले

चेन्नईत ओवलेली फुले हाताने मोजून विकली जातात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर म्हणजे एक ‘मुळम’. विक्रेतीचा हात लांब असला, तर ते गिऱ्हाइकाचे भाग्य! १९९६ साली कोयंबेडू येथे मोठा घाऊक बाजार उभा राहिला. तेथे पहाटेच मोगरा, अबोली, निशिगंध यांच्या राशी पडतात. गजऱ्याचे आयुष्य एका संध्याकाळचे. परंतु देठासह घरी आणलेला निशिगंध वा गुलाब समुद्रकाठच्या उकाड्यात चार दिवस टवटवीत ठेवणे ही निराळी विद्या होय. पुष्पविक्रेत्याचे कौशल्य मांडणीपेक्षा तिच्यातच अधिक असते.

खुडलेले फूल मृत नसते. ते देठावाटे पाणी ओढीतच असते. देठाच्या तोंडाशी हवा अडकली, की ही वाट बंद होते. म्हणून देठ पाण्याखाली धरून धारदार सुरीने तिरका कापावा. बोथट कात्रीने तो चेचला जातो. पाण्यात बुडणारी पाने आधीच काढावीत, नाहीतर ती कुजून जंतू वाढतात. पाणी रोज बदलावे. निशिगंध खालून वर उमलत जातो. खालची सुकलेली फुले खुडीत जावे. पंख्याचा वारा टाळावा, आणि पिकत्या केळ्यांचा शेजारही. त्यांतून निघणारा इथिलीन वायू फुलांना लवकर कोमेजवतो.

मांडणी त्यानंतरची. सर्वांत उंच देठ फुलदाणीच्या सुमारे दीडपट असावा, कळ्या वर आणि पूर्ण उमललेली फुले खाली. गर्दी मात्र नको. निशिगंधाच्या तीन काड्या आणि क्रोटनची दोन पाने एवढ्यानेही घरातला पितळी तांब्या शोभून दिसतो.