पेल्याशेजारचं पिल्लू

जुलैचा शेवटचा आठवडा होता. गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं आणि गोदाघाटावरच्या टपऱ्या हलवायची घाई चालली होती. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात. त्या दिवशी ते चढतच होतं. एक टपरी उचलली तेव्हा खालच्या गोणपाटात मांजराची पाच पिल्लं सापडली. एरवी आई परत येण्याची वाट बघतात, पिल्लांना लगेच हात लावत नाहीत. तिथे तेवढा वेळच नव्हता. संध्याकाळी ती पाच जणं इंदिरानगरच्या एका काकूंच्या गॅलरीत, द्राक्षांच्या क्रेटमध्ये, टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटलीला चिकटून झोपली होती.

मी लग्नांचे, बारशांचे फोटो काढते. गेली सहा वर्षं माझी रविवारची सकाळ मात्र अशाच क्रेटसमोर जाते. काकू पिल्लांना सांभाळतात, आम्ही दोघी-तिघी त्यांना घर शोधतो. लोकांपर्यंत पोहोचतो तो एक फोटो आणि चार ओळी. त्या फोटोच्या चौकटीबाहेर काय काय घडलेलं असतं, ते आज सांगते.

पहिल्या वर्षी मी पिल्लांना टोपलीत एकत्र बसवायची. खाली गुलाबी कापड, मागे फुलं. ग्रुपवर बदामांचा पाऊस पडायचा आणि फोन एकही यायचा नाही. आला तरी समोरचा म्हणायचा, "कुठलंही एक द्या." दोन दिवसांनी तो "घरात विचारतो" म्हणायचा आणि पुन्हा बोलायचा नाही. काकूंनीच मला त्यातलं कारण सांगितलं. "अगं, मुलगी बघायला आलेल्यांना कुणी पाच बहिणी एका रांगेत दाखवतं का? एकेकीची ओळख करून दे." तेव्हापासून एका फोटोत एकच पिल्लू असतं. त्याचं नाव, त्याचं वजन, त्याची एक सवय. घाटावरच्या पाचांपैकी एक जण दूध पिताना पुढचे दोन्ही पाय वाटीत घालून उभा राहायचा. मी तेच लिहिलं. तीन घरांतून फोन आले आणि तिन्ही घरांना तोच हवा होता.

फोटोची वेळ काकूंच्या घड्याळावर ठरते. खाऊन झालं की पिल्लं झोपतात, आणि झोपलेल्या पिल्लाच्या फोटोवरून त्याचा स्वभाव कळत नाही. म्हणून मी खाण्याच्या अर्धा तास आधी पोहोचते. हातपाय धुते, घरून आणलेला धुतलेला कुडता घालते. मांजरांच्या पॅनल्युकोपेनिया या रोगाचे विषाणू कपड्यांवरून आणि चपलांवरूनही येतात, आणि लस न झालेलं पिल्लू त्यात एका दिवसात हातचं जाऊ शकतं. मग कॅमेरा बंद ठेवून पंधरा मिनिटं नुसती जमिनीवर बसते. पिल्लं येऊन लेन्स हुंगतात, पट्टा चावतात. ती आपल्या उद्योगाला लागली की मी पोटावर झोपते, कारण फोटो त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवरूनच काढायचा असतो. अमेरिकेतल्या वॉल्टर चँडोहाला 1949च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या बर्फात एक पिल्लू सापडलं आणि तो आयुष्यभर मांजरांचे फोटो काढत राहिला. ते फोटो 90 हजारांच्या घरात जातात. त्याचे फोटो बघताना आपणही जमिनीवर आल्यासारखं वाटतं. उभं राहून काढलेल्या फोटोत पिल्लू केविलवाणं दिसतं. लोकांना त्याची कीव येते, पण त्याच्याबरोबर राहावंसं वाटत नाही.

फ्लॅश कधीच वापरत नाही. खिडकीचा उजेड बाजूने घ्यायचा, शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या आसपास ठेवायचं आणि जवळच्या डोळ्यावर फोकस करायचा. पिल्लाने कॅमेऱ्याकडे बघावं म्हणून काकू माझ्या डोक्यामागे उभ्या राहून पिठाच्या चाळणीवर नख ओढतात. हा आवाज दोनदाच कामाला येतो. तिसऱ्या वेळी पिल्लं ढुंकूनही बघत नाहीत. म्हणून ते दोन क्षण आम्ही जपून वापरतो.

मागे नेहमी साधी चादर असते. त्यामागे एक घडलेली गोष्ट आहे. एकदा उजेड छान होता म्हणून मी सोसायटीच्या अंगणात फोटो काढला. मागच्या पाटीवरचं नाव अर्धवट दिसत होतं, माझ्या ते लक्षातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापाशी खोका होता आणि त्यात चार नवी पिल्लं. काकूंनी ती ठेवून घेतली, पण क्रेटमधली आधीची पिल्लं लसीला यायची होती. नव्या पिल्लांना महिनाभर न्हाणीघरात वेगळं ठेवावं लागलं. तेव्हापासून खिडकीबाहेरचं काही, दाराचा नंबर, गाडीची पाटी यातलं काहीही चौकटीत येऊ देत नाही.

घाटावरच्या पाचांत एक काळी होती, काजळ. पांढऱ्या चादरीवर तिचा फोटो म्हणजे डोळे नसलेला डाग दिसायचा. उजेड वाढवला की केस राखाडी व्हायचे. कॅमेरा सगळ्या जगाला करड्या रंगाच्या मापाने मोजतो; काळ्या पिल्लाला न्याय द्यायचा तर कॅमेऱ्याचं न ऐकता मोजमाप आपणच करावं लागतं. काकूंनी हळदी रंगाची शाल काढली. खिडकी मागे तिरकी येईल असं काजळला बसवलं, तेव्हा कानांच्या कडा आणि मिशा उजळल्या. त्या फोटोवरही फोन आला तो असा : "मांजर गोड आहे, पण काळी आहे ना." आडवी गेलेली मांजर आपल्याकडे अजून लोकांचे पाय थांबवते. पाचवीला आपण जिची पूजा करतो, ती बाळांना जपणारी षष्ठी मांजरावर बसते, हे मी त्या बाईंना सांगितलं. बंगालमध्ये षष्ठीच्या व्रतकथेत काळ्या मांजरीवर खोटा आळ घेणाऱ्या सुनेला पश्चात्ताप करावा लागतो, हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

आमच्या हातून झालेली एक चूकही सांगायला हवी. आणखी एका वर्षी सर्दीच्या संसर्गाने डावा डोळा गेलेली एक तिरंगी मांजरी होती. आम्ही तिचा फोटो उजव्या बाजूने काढला. सिडकोतून एक कुटुंब आलं. लहान मुलीने पिल्लू उचललं, चेहरा फिरवला आणि घाबरून खाली ठेवलं. ते लोक भले होते. पण ते रिकाम्या हाताने गेले, आणि त्या मुलीच्या मनात पिल्लाची भीती आम्ही घातली. त्या रात्री समोरून काढलेला फोटो टाकला आणि लिहिलं : एक डोळा नाही, जखम पूर्ण भरली आहे, खेळते, खाते. दहा दिवस काही नाही. अकराव्या दिवशी जुन्या नाशकातल्या एका वाड्यातून आजींचा फोन आला. त्यांनी एकच विचारलं, "तिला जिना चढता येतो का? आमचा जिना उभा आहे." आम्ही तिला पायऱ्यांवर सोडून व्हिडिओ काढला. तिसऱ्या पायरीवर ती अडखळली, तेही कापलं नाही. आजी दुसऱ्या दिवशी रिक्षा करून आल्या.

निळ्या डोळ्यांचंही तसंच. सगळ्याच पिल्लांचे डोळे आधी निळे असतात आणि सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत खरा रंग येऊ लागतो. "निळ्या डोळ्यांचं हवंय" म्हणून नेलेलं पिल्लू महिन्याने "रंग बदलला" म्हणून परत आलं होतं. आता ओळ ठरलेली आहे : हा निळा रंग राहणार नाही.

पण सगळ्यात जास्त घरं मिळवून दिली ती स्टीलच्या एका पेल्याने. दर रविवारी प्रत्येक पिल्लाचा एक फोटो त्याच फरशीवर, त्याच पेल्याशेजारी काढतो. ही कल्पना मला फाळके स्मारकात फिरताना सुचली. त्र्यंबकला जन्मलेल्या, नाशकात चित्रपट कंपनी चालवलेल्या आणि 1944 साली नाशकातच गेलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी 'अंकुराची वाढ' ही छोटी फिल्म केली होती. कुंडीतला वाटाणा उगवताना त्यांनी थोड्या थोड्या वेळाने टिपला आणि आपलं काम किती खरं आहे, हे पैसे देणाऱ्यांना त्यातून दाखवलं. आमचा पेलाही तेच करतो. घाटावरची पिल्लं आली तेव्हा तिसऱ्या आठवड्यात होती, जेमतेम 300 ग्रॅमची, पेल्यापेक्षा बुटकी. आठव्या आठवड्यात 900 ग्रॅमच्या आसपास आली आणि पेला त्यांच्यामागे दिसेनासा झाला. ही वाढ बघणाऱ्यांना पिल्लू ओळखीचं होतं. ते आठवडाभर विचार करतात, घरात बोलतात, मग फोन करतात. अशांच्या घरून आमच्याकडे अजून एकही पिल्लू परत आलेलं नाही.

फोन आला की काकू वहीत लिहितात : गॅलरीला, खिडक्यांना जाळी आहे का? घरमालकाची परवानगी? गावाला जाताना कोण बघणार? पाच-सहा महिन्यांचं झालं की नसबंदी कराल ना? "उंदरांसाठी हवंय" म्हणणाऱ्यांना त्या सरळ नाही म्हणतात. आठ आठवडे पुरे झाल्याशिवाय आणि पहिली लस टोचल्याशिवाय एकही पिल्लू दाराबाहेर जात नाही.

घाटावरची चार जणं सप्टेंबरपर्यंत गेली. काजळ राहिली. तिचे पेल्याशेजारचे अकरा फोटो झाले. बाराव्या रविवारी सातपूरचं एक जोडपं आलं. तिच्या पहिल्या फोटोपासून ते बघत होते, जाळी बसवून होईपर्यंत थांबले होते. जाळीचा फोटो दाखवूनच त्यांनी तिला नेलं.

तुमच्या भागात कुणीतरी अशी पिल्लं सांभाळत असेल. एका रविवारी त्यांच्याकडे जा, हात धुवा, जमिनीवर बसा. मोबाइल पुरेसा आहे. एका पिल्लाचा एकच फोटो काढा, शेजारी घरातला पेला ठेवा आणि जे आहे ते सगळं लिहा.