अल्टरनेटर नवा, वायर जुनीच? जुन्या जीपचं वायरिंग जळण्याआधी एवढं तपासा

वाडी-वस्तीवर अजूनही जुन्या जीपा धावतात. कुणाकडे हौसेनं जपलेली ॲम्बेसेडर नाहीतर पद्मिनी असते. दिवे मंद लागतात, बॅटरी सारखी उतरते, म्हणून बरेच जण डायनामो काढून अल्टरनेटर बसवून घेतात. काम चांगलंच आहे. पण अनेकदा अल्टरनेटर नवा येतो आणि बॅटरीकडे जाणारी वायर जुनीच राहते. धोका तिथंच आहे.

आमच्या जीपचंही तसंच झालं होतं. रात्री बाजारातून येताना डॅशबोर्डातून रबर जळाल्यासारखा वास आला. गाडी थांबवून बॅटरीची वायर काढली म्हणून वाचलो. उघडून बघितलं तर अँपमीटरमागची वायर वितळून शेजारच्या वायरींना चिकटली होती. फ्यूज कुठंच नव्हता.

वायर का तापते?

विहिरीवर ३ एचपीच्या जागी ५ एचपीची मोटर बसवली आणि केबल जुनीच ठेवली तर काय होतं, हे शेतकऱ्याला सांगायला नको. इथंही तेच गणित आहे. जुन्या गाड्यांमधला नेहमीचा डायनामो साधारण २० ते २५ अँपिअर देतो. अल्टरनेटर ३५, ४५ किंवा त्याहून जास्त देतो. करंट दुप्पट झाला की त्याच वायरमधली उष्णता चौपट होते.

त्यात जुन्या गाडीत चार्जिंगचा करंट डॅशबोर्डातल्या अँपमीटरमधून फिरून जातो. वायर लांब, जोड जुने, नट सैल. बॅटरी उतरलेली असताना धक्का मारून गाडी सुरू केली की अल्टरनेटर पूर्ण जोरानं चार्जिंग करतो. तेव्हा वायर सगळ्यात जास्त तापते.

फ्यूज बॅटरीजवळच का?

खरी आग लावते ती बॅटरी. चार्जिंगच्या वायरचं कव्हर घासून ती बॉडीला टेकली, तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर सोडते. ही वायर चावीतून जात नाही, म्हणजे चावी बंद करून उपयोग नाही. रात्री अंगणात उभी असलेली गाडीही पेटू शकते.

म्हणून फ्यूज बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून एका वितीच्या आत हवा. फ्यूजच्या पुढची वायर सुरक्षित, अलीकडची नाही. फ्यूज अल्टरनेटरजवळ बसवला तर मधली सगळी वायर उघडी राहिली असं समजा.

किती जाड वायर, किती अँपिअरचा फ्यूज?

नियम सोपा आहे. फ्यूज अल्टरनेटरच्या क्षमतेपेक्षा थोडा जास्त आणि वायरच्या क्षमतेपेक्षा कमी. ४५ अँपिअरच्या अल्टरनेटरला १० चौरस मिमीची तांब्याची वायर आणि ६० अँपिअरचा फ्यूज चालतो. फ्यूज बोल्टनं आवळायचा, झाकण असलेल्या होल्डरचा घ्या. दिव्यांचा छोटा पात्याचा फ्यूज इथं टिकणार नाही.

वायर गाडीसाठीची, बारीक तारांची घ्या. घरच्या फिटिंगची कडक वायर इंजिनच्या थरथरीनं तुटते.

काम करताना

१. आधी बॅटरीची मायनस वायर काढा. जोडताना ती शेवटी जोडा.

२. काही जुन्या ब्रिटिश बनावटीच्या गाड्या-ट्रॅक्टरला प्लस टर्मिनल बॉडीला असतं. आधी ते बघून घ्या. बॅटरी उलटी जोडली तर अल्टरनेटरचे डायोड लगेच उडतात.

३. नवी वायर अल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टपासून फ्यूजमार्गे थेट बॅटरीच्या प्लसला न्या.

४. डायनामोची जुनी जाड वायर दोन्ही टोकांनी सोडवा. ती जोडलेली राहिली तर फ्यूज उडाल्यावर सगळा करंट त्या जुन्या वायरमधून जाईल. डायनामोचा कट-आऊटही सर्किटमधून काढावा लागतो. अल्टरनेटरच्या चार्जिंग लाईटची बारीक वायर मात्र ठेवा.

५. अँपमीटर काढून त्याच्या दोन्ही वायरी एका बोल्टवर घट्ट जोडा, वरून नीट इन्सुलेशन करा. त्या जागी व्होल्टमीटर लावा.

६. टोकांना तांब्याचं थिंबल मशिननं दाबून बसवा. पिळून टेप गुंडाळलेला जोड नको. वायर पत्र्यातून जाते तिथं रबरी ग्रोमेट घाला, सायलेन्सरपासून लांब ठेवा.

७. इंजिनपासून चेसीपर्यंतची आणि बॅटरीची अर्थिंग वायरही बदला. करंट जेवढा जातो, तेवढाच अर्थिंगमधून परत येतो.

काम बरोबर झालं का?

साधा मल्टिमीटर पुरतो. तो डीसी २० व्होल्टवर ठेवा. इंजिन थोडं रेस करून बॅटरीवर मोजा, १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. मग हेडलाईट लावून एक टोक अल्टरनेटरच्या बोल्टवर आणि दुसरं बॅटरीच्या प्लसवर ठेवा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वायर बारीक किंवा जोड खराब आहे. अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचं मायनस यांच्यात ०.२ च्या आत हवं.

एक जुनी सवय मात्र सोडा. चार्जिंग होतंय का बघायला चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढतात. डायनामोच्या काळात ते खपून जायचं. अल्टरनेटरचे डायोड आणि रेग्युलेटर त्यानं जळू शकतात.

फ्यूज उडाला तर

तार गुंडाळून किंवा सिगारेटची चांदी लावून गाडी पुढं नेऊ नका. फ्यूज उडाला म्हणजे त्यानं आपलं काम केलं. कुठं वायर घासली, कुठला नट सैल झाला ते शोधा, मगच तेवढ्याच अँपिअरचा नवा फ्यूज लावा. जास्तीचा एक फ्यूज गाडीत ठेवा. मिस्त्रीकडं काम टाकताना फक्त अल्टरनेटरची किंमत विचारू नका. वायर किती चौरस मिमीची टाकणार आणि फ्यूज कुठं बसवणार, हेही विचारा. काम संपल्यावर फ्यूज स्वतःच्या डोळ्यांनी बघून मगच पैसे द्या.