स्मृतींचे घर हलते तेव्हा

घर हलविणे आमच्या कामगार वस्तीला नवे नाही. चाळ पाडायची ठरली की ट्रंका, भांडीकुंडी, तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर उचलायची व संक्रमण शिबिराची वाट धरायची. पण ज्या घरात साठ लाख मृतांच्या आठवणी जपलेल्या आहेत, त्याने बिऱ्हाड कसे हलवावे? अमेरिकेतील ह्यूस्टन शहराच्या होलोकॉस्ट संग्रहालयावर २०१७ साली ही वेळ आली.

हिटलरच्या नाझी राजवटीने साठ लाख ज्यूंची कत्तल केली. त्यात सुमारे पंधरा लाख मुले होती. ज्यू म्हणजे कोणी दूरचे लोक, असे समजू नये. आपल्या कोकणातले 'शनवार तेली' म्हणजे मराठी बोलणारे ज्यूच. युरोपात ज्यूंना डांबायच्या वस्तीला 'घेटो' म्हणत. बाबासाहेबांच्या इंग्रजी वाङ्मयाच्या पाचव्या खंडात अस्पृश्यांना 'भारताच्या घेटोची लेकरे' म्हटले आहे. शब्दाची ही निवड आम्हाला फार बोलकी वाटते.

त्या छळातून वाचलेल्या काहींनी ह्यूस्टनला नवा संसार मांडला. त्यांच्या धडपडीतून १९९६ साली हे संग्रहालय उघडले. काळसर विटांचा त्याचा भव्य गोल मनोरा पाहिला की छळछावणीच्या भट्टीचे धुराडे आठवे. पुढे जागा अपुरी पडू लागली आणि विस्ताराचे ठरले. शहरवासीयांनी जुन्या वास्तूचा निरोप घेतला, आणि संग्रहालय दोनेक वर्षांसाठी दुसऱ्या तात्पुरत्या जागेत गेले. त्यांचेही एक संक्रमण शिबिरच म्हणायचे! फरक एवढाच की त्यांना ठरल्याप्रमाणे परत येता आले. जून २०१९ मध्ये मूळ जागीच नवे दालन उघडले. एकवीस हजार चौरस फुटांचे सत्तावन्न हजार झाले.

बिऱ्हाडातले सामान पाहा. ज्यूंना जनावरांसारखे कोंबून मरणाकडे नेणाऱ्या गाड्यांसारखा एक मालडबा. त्याच्या जोडीला डेन्मार्कची एक मासेमारी होडी. १९४३ च्या ऑक्टोबरात तिथल्या सामान्य कोळ्यांनी अशाच होड्यांतून सात हजारांवर ज्यूंना स्वीडनला पोचविले. डबा सरकारचा, होडी कोळ्याची. दोन्ही एकाच ठिकाणी पाहिल्यावर पोरांना वेगळे व्याख्यान कशाला हवे?

आणि फुलपाखरे! तेरेझिनच्या घेटोत पावेल फ्रीडमन या तरुणाने १९४२ साली फुलपाखरावर एक कविता लिहिली. १९४४ मध्ये औशविट्झला त्याचा अंत झाला. त्या कवितेवरून या संग्रहालयाने जगभरच्या शाळकरी मुलांना हाताने फुलपाखरे करून पाठवायला सांगितले. मारलेल्या प्रत्येक बालकामागे एक, अशी पंधरा लाख! ती जमलीही. नव्या वास्तूत तीन मजली उंचीवर दीड हजार फुलपाखरे टांगली आहेत. एक फुलपाखरू म्हणजे एक हजार मुले. हा हिशोब आईबापांनी मुलांना जरूर सांगावा.

मात्र आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी गोष्ट. नव्या संग्रहालयात सारी माहिती इंग्रजीबरोबर स्पॅनिशमध्येही आहे. ह्यूस्टनच्या लाखो कष्टकऱ्यांच्या घरात हीच भाषा बोलतात. आपले दुःख शेजाऱ्याला त्याच्या बोलीत सांगायचे, ही खरी वाढ. चौरस फूट काय, पैसा असला की वाढतात.

वस्तू खोक्यात बांधता येतात, माणसे येत नाहीत. छळछावणीतून वाचलेले साक्षीदार आता अगदी थोडे उरले आहेत. आपलीही गत तीच आहे. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू जपल्या आहेत. पण १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर आईच्या कडेवर असलेले मूलही आज सत्तरीला आले आहे. ज्यांनी तो दिवस उघड्या डोळ्यांनी पाहिला, ते आजी-आजोबा तर नव्वदीकडे झुकले. ज्यांच्या घरी ते आहेत, त्यांनी त्यांचे बोलणे मोबाईलवर भरून घ्यावे. त्या वेळी नातवंडांना जवळ बसवावे. प्रश्न तीच चांगले विचारतात.