पाटी आमची, उतारा कुणाच्या नावावर?

२०२३ च्या गणपतीतली गोष्ट. गौरी जेवत होत्या, घरात पाहुणे होते आणि फोन वाजला. न्यू जर्सीहून आमच्या एक जुन्या गिऱ्हाईक बाई बोलत होत्या. दरवर्षी त्या आमच्या मंडळाकडून दिवाळीचा फराळ मागवतात. जरा अवघडूनच म्हणाल्या, "ताई, ऑर्डर द्यायला तुमची वेबसाइट उघडली, तर तिथं जुगाराच्या जाहिराती दिसतायत. नाव तर तुमचंच आहे."

पुरणपोळीचा घास घशातच अडकला. आमचं मंडळ म्हणजे चौतीस बायका. चकल्या, अनारसे, कुर्डया, सांडगे, गोधड्या. कुणाच्या मुलीची फी त्यावर चालते, कुणाच्या सासऱ्यांची औषधं. परदेशी ऑर्डरी गणपतीपासून सुरू होतात आणि नेमक्या त्याच वेळी आमच्या पाटीखाली कुणीतरी जुगाराचा अड्डा थाटला होता!

शोध घेतला तेव्हा कळलं, की कुणी चोरी केलीच नव्हती. २०१६ मध्ये एका मैत्रिणीच्या भाच्यानं आम्हाला वेबसाइट करून दिली. तेव्हा तो इंजिनिअरिंगला होता. एक पैसा घेतला नाही बिचाऱ्यानं. नाव कुणाच्या नावे घ्यायचं, असं त्यानं विचारलंही होतं. आम्हीच म्हणालो, "तुझ्याच नावानं करून टाक रे, आम्हाला कुठं त्यातलं कळतंय!" पुढे तो नोकरीला जर्मनीत गेला. मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच्या कॉलेजातल्या जुन्या ई-मेलवर जात राहिल्या, तो पत्ता तो कधीच उघडत नव्हता. जूनमध्ये मुदत संपली. वाळवणाचा हंगाम सरलेला, त्यामुळे आमच्यापैकीही कुणी तिकडे फिरकलं नाही. नाव मोकळं झालं आणि दुसऱ्या कुणीतरी ते रीतसर विकत घेतलं. साइट ज्या जागेवर होती, ते खातंही बंद पडलं होतं. सात वर्षांचे फोटो गेले, गिऱ्हाइकांची यादी गेली.

मला सर्वात जास्त लागलं ते वेगळंच. मी शाळेत होते तेव्हा शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली होती. बायकोच्या नावावर थोडी तरी जमीन करा, असं सांगणारी. आज मीही गावोगाव बायकांना तेच सांगते, "बाई गं, घर कुणाच्या नावावर आहे? उतारा बघितलास का?" आणि आमच्या स्वतःच्या वेबसाइटचा उतारा मी सात वर्षांत एकदाही बघितला नव्हता!

त्या दिवाळीत निम्म्याहून जास्त ऑर्डरी बुडाल्या. बायकांनी मला बोल लावला नाही, पण अनाऱ्याचं पीठ परत डब्यात भरताना कुणी काही बोलतही नव्हतं. नवी वेबसाइट करायची, पण या खेपेला सगळं स्वतः समजून घेऊन, असं ठरवलं. बीए मराठी झालेली मी, वहीपेन घेऊन बसले. मैत्रिणींनो, कळलं ते इतकं अवघड नाही.

वेबसाइटला दोन गोष्टी लागतात. एक नाव, म्हणजे डोमेन. हा तुमचा पत्ता. दुसरी जागा, म्हणजे होस्टिंग. तुमचे फोटो, मजकूर, ऑर्डरी ज्या कॉम्प्युटरवर राहतात, तिथली भाड्याची खोली. खोली बदलता येते, पत्ता मात्र जन्माचा. म्हणून नाव संस्थेच्याच नावे हवं, संस्थेच्याच ई-मेलवर हवं आणि पावतीही संस्थेचीच हवी. नावं विकणाऱ्या कंपन्यांना मान्यता लागते. डॉट कॉमसारख्या नावांसाठी ती 'आयकॅन' ही आंतरराष्ट्रीय संस्था देते, आपल्या डॉट इनचा कारभार 'निक्सी' बघते. मान्यताप्राप्त कंपन्यांची यादी दोघांकडेही उघडी असते. मुदत संपली की डॉट कॉमचं नाव लगेच जात नाही. काही दिवस सवलत असते, मग तीस दिवस जबर दंड भरून सोडवता येतं. सोनाराकडच्या गहाण डागासारखंच. आम्ही ते तीस दिवसही झोपेत घालवले.

मग जागा शोधायला लागले. इंटरनेटवर 'उत्तम दहा कंपन्या' अशा याद्या ढिगानं मिळतात. पण त्यातल्या बऱ्याच याद्या करणाऱ्यांना प्रत्येक गिऱ्हाइकामागे कमिशन मिळतं, हे कळल्यावर मी त्या बाजूला ठेवल्या. वधूवर सूचक मंडळाच्या तोंडून स्थळाची चौकशी कोण करतं? सरळ तीन कंपन्यांना फोन लावले, तेही मुद्दाम रविवारी रात्री साडेनऊला. आपल्याला अडचण येणार ती अशाच वेळी. एकाकडे नुसतं संगीत वाजत राहिलं. दुसऱ्यानं सोमवारी या म्हणून सांगितलं. तिसरीकडच्या मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि एका प्रश्नाला "मॅडम, हे मला माहीत नाही, विचारून सांगते" असं म्हणाली. अर्ध्या तासात तिचा फोन आला. माझं मन तिथंच झुकलं, तरी प्रश्न मी तिघांनाही तेच विचारले.

पहिला प्रश्न, पुढच्या वर्षी किती पैसे? पहिल्या वर्षाचा दर बघून भुलू नका. एका कंपनीचा दुसऱ्या वर्षीचा दर तिपटीहून जास्त निघाला.

दुसरा, 'अनलिमिटेड' म्हणजे काय? थाळी अमर्यादित असते, पण बासुंदीची वाटी एकच, तसं इथंही असतं. फायली किती ठेवायच्या, एका वेळी किती माणसं आली तर चालतील, याच्या मर्यादा बारीक अक्षरात लिहिलेल्या असतात. चष्मा लावून वाचा.

तिसरा, साइट बंद किती वेळ राहील? ९९.९ टक्के चालू, असं सगळेच छापतात. हिशेब केला, तर वर्षाला पावणेनऊ तास बंद. नुसते ९९ टक्के म्हटलं, तर साडेतीन दिवसांहून जास्त! दिवाळीच्या तोंडावर साडेतीन दिवस म्हणजे आमचा अर्धा धंदा.

चौथा, बॅकअप कुठं ठेवता? फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला १० मार्च २०२१ रोजी ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक अख्खी इमारत जळाली. काही गिऱ्हाइकांच्या बॅकअपच्या प्रतीही त्याच जागी होत्या, त्याही गेल्या. आपल्या आज्या बियाणं एकाच कणगीत ठेवत नसत, ते उगाच नाही. कंपनी बॅकअप घेत असली, तरी महिन्यातून एकदा आपली प्रत आपल्याकडे उतरवून घ्या. आणि ती उघडून बघा! लोणच्याची बरणी वर्षभर न उघडता ठेवली, तर बुरशी कळणार कशी?

पाचवा, कुलपाचे वेगळे पैसे घेता का? गिऱ्हाईक आपला पत्ता, फोन भरतं, ती माहिती वाटेत कुणी वाचू नये म्हणून एसएसएल प्रमाणपत्र लागतं. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही ना-नफा संस्था २०१५ पासून ते फुकट देते. आमच्यासारख्या साध्या साइटला तेवढं पुरतं. तरी एका कंपनीनं त्याचे वर्षाला हजारो रुपये सांगितले.

आणि शेवटचा प्रश्न, जो लग्नाआधी कुणी विचारत नाही. उद्या पटलं नाही, तर आम्हाला सुखानं जाऊ द्याल का? नाव दुसऱ्या कंपनीकडे न्यायला एक गुप्त कोड लागतो. तो मागितल्यावर द्यायला हवा. या प्रश्नावर जो चाचरतो, तिथं जाऊ नये.

तिसरीकडेच गेलो आम्ही. सर्वात स्वस्त नव्हती ती. जुनं नाव परत मिळालं नाही, नवीन घेतलं, ते एकदम पाच वर्षांसाठी. पासवर्ड दोघींकडे असतात आणि सूचना तिघींच्या फोनवर येतात. गिऱ्हाइकांना एकेक करून फोन केले. सगळी परत आली नाहीत, पण न्यू जर्सीच्या बाई आल्या.

आमच्या कोषाध्यक्ष सातवी शिकलेल्या आहेत. मंडळाच्या जागेच्या कागदांच्या फायलीतच त्यांनी डोमेनची पावती लावून ठेवली आहे. परवा कुणी तरुण मुलगा आला, म्हणाला, "काकू, तुमच्या मंडळाचं अ‍ॅप बनवून देतो, अगदी फुकट." आमच्या कोषाध्यक्षांनी त्याला आधी पाणी दिलं, चहा ठेवला, आणि मग विचारलं, "ते सगळं होईल रे बाळा, पण नाव कुणाचं लावणार?"