मूल परवडते काय?

आमच्या संघटनेच्या कचेरीत येणाऱ्यांची गाऱ्हाणी बहुधा ठरलेली असतात. कुणाचा बोनस अडलेला, कुणाचे भविष्यनिर्वाह निधीच्या कागदावर नाव चुकलेले, कुणाला सांगून न सांगून कामावरून बसविलेले. ही गाऱ्हाणी लिहून झाली की अलीकडे तरुण जोडपी उठता उठता आणखी एक गोष्ट बोलून जातात. "अण्णा, एक आहे तेवढे पुरे. दुसरे परवडायचे नाही." हे गाऱ्हाणे आमच्या वहीत नोंदविण्याची सोय नाही. त्याच्यावर कोणत्या कायद्याचे कोणते कलम लागू करावे हेही कळत नाही. म्हणून या व्याख्यानमालेने बोलावले तेव्हा आम्ही ठरविले की, आपण याच गोष्टीचा नीट हिशेब मांडून पाहू.

आम्ही सोलापूरचे. आई विड्या वळीत असे. आम्ही पाच भावंडे, त्यांतली तीन जगलो. सातवीनंतर शाळा सुटली आणि आम्ही यंत्रमागावर कांड्या भरू लागलो. पुढचे शिक्षण संघटनेच्या कचेरीत आणि नगरवाचनालयात झाले. तेव्हा आमच्या बोलण्यात पंडिती नसेल. परंतु मजुरी आणि खर्च यांची वजाबाकी आम्ही तीस वर्षे करीत आलो आहोत.

आमच्या आईला कुणी विचारले असते की, "बाई, पाच मुले तुला परवडतात का?" तर तिला प्रश्नच कळला नसता. चोच देणारा चाराही देतो, एवढे तिचे उत्तर झाले असते. पण त्या उत्तराच्या पोटात एक रोकडा हिशेब होता. पाच वर्षांचे पोर विडीचे तोंड बंद करायला बसे, दहा वर्षांचे पान कापायला घेई, तेराव्या वर्षी आमच्यासारखा मुलगा मजुरी आणू लागे. मूल खाणारे तोंड होते, तसेच कमावणारे हातही होते. शिवाय जन्मलेले सारे जगतील याचा भरवसा नसे. म्हणून चार-पाच व्हावीत असे माणसांना वाटे, यात अडाणीपणा फारसा नव्हता.

तो हिशेब आता राहिलेला नाही. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हजार जन्मांमागे सुमारे ७९ अर्भके वर्षाच्या आत दगावत होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती ३५ वर आली. त्याच काळात एका स्त्रीला सरासरीने होणारी मुले देशात ३.४ वरून २.० वर आली आणि महाराष्ट्रात १.७ वर. लोकसंख्या पिढीमागून पिढी तेवढीच राहण्यास हा आकडा २.१ लागतो. म्हणजे आपल्या राज्याने ती रेघ केव्हाच ओलांडली आहे. मुले जगू लागली, मुली शाळेत जाऊ लागल्या, पोरांना कामाला जुंपणे गुन्हा ठरला. हे सारे चांगलेच झाले आणि त्यातल्या काही गोष्टींसाठी कामगार चळवळ भांडलेली आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा की, पूर्वी दहा वर्षांत हाताशी येणारे मूल आता वीस-बावीस वर्षे पोसावे आणि शिकवावे लागते.

येथे कुणी शंका काढील की, मूल परवडत नाही म्हणता, तर मग गरिबांच्या घरी मुले अधिक कशी? गोष्ट खरी आहे. त्याच पाहणीत सर्वांत गरीब पाचव्या हिश्शात सरासरी २.६ मुले दिसतात आणि सर्वांत सधन पाचव्या हिश्शात १.६. परंतु याचा अर्थ गरिबाला मूल स्वस्त पडते असा नव्हे. जेथे दवाखाना दूर, शाळा अर्धवट आणि म्हातारपणी पेन्शन नाही, तेथे मूल हाच विमा असतो. तोच माणूस शहरात येऊन मुलाला शिकवायचे ठरवितो, तेव्हा त्याला खर्चाची धास्ती पडते. पैसा कमी पडला म्हणजे मुले कमी होतात असा सरळ नियम नाही. मुलाविषयीची उमेद वाढली आणि तिच्या मानाने मिळकत पुरेना, की परवडण्याचा प्रश्न उभा राहतो. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२५ साली जो अहवाल काढला, त्यासाठी १४ देशांतील लोकांना विचारले होते. आपल्या देशातील १०० पैकी ३८ जणांनी पैशाची अडचण हे हवी तितकी मुले न होण्याचे कारण म्हणून सांगितले.

आता खर्चाची कलमे पाहू. पहिले कलम बाळंतपणाचे. २०१९-२१ च्या पाहणीप्रमाणे देशातील खाजगी रुग्णालयांत होणाऱ्या बाळंतपणांपैकी ४७ टक्के पोट कापून होतात, सरकारी रुग्णालयांत १४ टक्के. एकाच देशातल्या बायकांच्या शरीरात एवढा फरक असेल असे आम्हांला वाटत नाही. दुसरे कलम शाळेचे. २०२५ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत सरकारी शाळेतल्या मुलामागे घरचा वार्षिक खर्च सरासरी २,८६३ रुपये निघाला, बिगरसरकारी शाळेत २५,००२ रुपये. सुमारे नऊपट! नगरपालिकेच्या शाळेवरचा विश्वास उडाला की मुलाची किंमत एका रात्रीत नऊपट होते, असाच याचा अर्थ. तिसरे कलम जागेचे, ते शहरातल्या माणसाला सांगायला नको.

चौथे कलम मात्र कोणत्याही पावतीवर नसते आणि आमच्या मते तेच सर्वांत मोठे आहे. ते म्हणजे आईची बुडालेली मजुरी. सासूबाई घरात नसतील, तर मूल तीन वर्षांचे होईपर्यंत आईने काय करावे? एकात्मिक बालविकास योजना १९७५ साली सुरू झाली आणि तिच्या अंगणवाड्यांनी मोठे काम केले. पण अंगणवाडी काही तास चालते, कारखान्याची पाळी आठ तासांची असते. जिने मुले सांभाळायची त्या अंगणवाडीच्या बाईलाही वेतन न देता 'मानधन' दिले जाते, आणि तेवढ्यासाठीही तिला संप करावा लागतो.

आता आम्ही आपल्यापुढे एक जुना कागद ठेवतो. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार या तिघांनी मिळून किमान वेतन कसे काढावे हे ठरविले. कमावणारा एक धरला. त्याच्या घरात खाणारे तीन घटक धरले: तो स्वतः १, बायको ०.८ आणि दोन मुले प्रत्येकी ०.६. बायकोची कमाई हिशेबात धरायची नाही असेही ठरले. अन्न, वर्षाला माणशी १८ वार कापड, घरभाडे, सरपण आणि दिवाबत्ती अशी कलमे लावली. पुढे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी किमान वेतनाचा २५ टक्के भाग आणखी धरला पाहिजे.

श्रोतेहो, याचा अर्थ ध्यानात घ्या. दोन मुलांचा खर्च किमान वेतनाच्या व्याख्येतच आहे. एका माणसाच्या मजुरीत चौघांनी जगावे, हे या देशाने ६० वर्षांहून अधिक काळापूर्वी मान्य केले. आज नवरा कंत्राटदाराकडे आणि बायको दुसऱ्या कंत्राटदाराकडे राबते आणि दोघांच्या मजुरीत एकच मूल वाढविताना ओढाताण होते. अशा जोडप्याला "तुम्हांला मूल परवडत नाही" असे म्हणणे आम्हांला चुकीचे वाटते. त्यांच्या मजुरीतून त्यांच्या मुलांचा वाटा कुणीतरी काढून घेतला आहे, असे म्हटले पाहिजे.

मग मुलाचा खर्च कुणी सोसावा? हा प्रश्नही जुना आहे. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रसूती-लाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आगेमागे आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मोठ्या प्रमाणावर सरकारने उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली कायदा झाला, पण भार एकट्या मालकावर राहिला. १९६१ च्या केंद्रीय कायद्यातही तेच, आणि २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे केली तेव्हाही तेच. ५० कामगार असतील तेथे पाळणाघर हवे, हेही तेव्हाच कायद्यात आले. रजा वाढली याचा आम्हांला आनंद आहे. पण सारा खर्च एका मालकावर पडला की तो नव्या लग्नाची पोरगी कामावर घेतच नाही. राज्य विमा योजनेत ही रक्कम सर्वांच्या वर्गणीच्या निधीतून जाते. तेथे मालकाला बाईचे पोट मोजीत बसावे लागत नाही. रस्ता तो आहे.

कायदा असूनही तो हाती कसा लागत नाही, याचा एक दाखला सांगतो. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही प्रसूतीचा लाभ दिला होता. मात्र आधीच्या वर्षात ८० दिवसांचे काम तिच्या नावे लागते. आमच्याकडे एक सून आली होती. सकाळपासून दिवे लागेपर्यंत ती विड्या वळी. कार्ड मात्र सासूच्या नावाचे. आम्ही वही उघडली, तर त्या वर्षात तिच्या नावावर एकही दिवस नव्हता. बाळ पंचवीस दिवसांचे असताना तिने पुन्हा सूप मांडीवर घेतले. आम्ही पुढे तिचे कार्ड करून दिले, पण ते दिवस तिला परत देता आले नाहीत. आमच्या तीस वर्षांतल्या हारलेल्या दाव्यांत हा एक आम्ही विसरलेलो नाही.

ऊसतोडीच्या फडात तर याहून भयंकर. तेथे नवराबायको मिळून एक 'कोयता', मुकादमाची उचल डोक्यावर आणि एक दिवस चुकला की खाडा. बीड जिल्ह्यातल्या हजारो बायकांची गर्भाशये काढल्याचे प्रकरण २०१९ साली गाजले आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. कामात खंड पडू नये हे त्यामागचे एक कारण होते. परवडण्याचा हिशेब कोठपर्यंत जातो, ते यावरून समजावे.

कुणी म्हणेल, तुम्ही अधिक मुले व्हावीत असे सांगता काय? मुळीच नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्यासाठी समाजाचा रोष सोसला. त्यांचे आपल्या बायकांवर उपकार आहेत. मूल नको हा अधिकार पुरा आहेच. १९७६ साली सक्तीने नसबंदी झाली ती चूक होती. आता वारे उलटे वाहू लागले आहे. दोनहून अधिक मुले असणाऱ्याला पंचायतीच्या निवडणुकीत मज्जाव करणारा नियम आंध्र प्रदेशाने २०२४ साली रद्द केला. उद्या "अधिक मुले व्हा" असा हुकूम निघाला, तर तोही आम्ही मानणार नाही. हुकमाने मुले थांबवू नयेत आणि हुकमाने मागूही नयेत. माणसांना जितकी हवीत तितकी सुखाने वाढविता यावीत, एवढेच आमचे मागणे.

त्यासाठी चार गोष्टी हव्यात. किमान वेतन १९५७ च्या मापाने निघावे आणि ते कंत्राटी कामगाराच्याही हातात पडावे. प्रसूतीची मजुरी सार्वजनिक निधीतून, प्रत्येक आईला मिळावी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने आईला निदान ६,००० रुपये देऊ केले. २०१७ च्या योजनेने ते पहिल्या मुलापुरते ५,००० केले, आणि २०२२ नंतर दुसरे अपत्य मुलगी असेल तरच ६,०००. महागाई मात्र मुलगा-मुलगी पाहत नाही. तिसरे, अंगणवाडी पूर्ण दिवसाची व्हावी आणि तेथल्या बाईला कामगार म्हणून वेतन मिळावे. चौथे, नगरपालिकेची शाळा अशी असावी की आपण सभ्य गृहस्थ आपली मुले तेथे घालू.

या चौथ्या गोष्टीला कायदाही लागत नाही. ती या मंडपात बसलेल्यांच्या हातची आहे. पुढच्या वेळी कुणी जोडपे "परवडत नाही" म्हणाले, तर त्याला काटकसरीचा उपदेश करू नका. आपल्या गल्लीतली शाळा आणि अंगणवाडी किती वाजता बंद होते, ते आधी जाऊन पाहून या.